निळ्या रंगाचे दोन हात

बांद्याच्या मासळीबाजाराचा एक कायदा आहे. तो कुठे लिहिलेला नाही, म्हणून अजून कोणी मोडलेला नाही. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या बाजाराला जी बाई जिथे आपली पहिली पाटी टेकवेल, ती जागा वर्षभर तिची. पाटी टेकवायला ती स्वतः हजर हवी. मुलीला किंवा सुनेला पाठवून भागत नाही.

चंद्रावतीची जागा भिंतीच्या कोपऱ्यातली होती. दुपार टळेपर्यंत सावली, पाठीमागे पाण्याचा नळ, आणि एसटी स्टँडकडून वळणारं गिऱ्हाईक आधी तिच्याच समोर येऊन थांबायचं. गोव्याहून मोटारीने येणारी, फार घासाघीस न करणारी मंडळीही त्याच वाटेने शिरायची. एका वर्षी जागा गेली तर पुढच्या वर्षी ती परत मिळेल याची काहीच खात्री नव्हती, कारण त्या जागेवर बसलेली बाई पुढच्या वर्षी त्या जागेच्याच कमाईवर लवकर पोचते.

चंद्रावती तारकर्लीची. मालवणला दांड्यावर, म्हणजे होड्या लागतात त्या किनाऱ्यावर, लिलाव संपला की मासळी घेऊन बांदा गाठायचं म्हणजे एसटीचं काम नव्हे. एसटीचा कंडक्टर पाट्या घेतो, पण त्या गाडीने पोचेपर्यंत बाजार भरलेला असतो. म्हणून तिने नवरा गेल्यावर, उरलेल्या होडीचा हिस्सा विकून, एक जुना टेम्पो घेतला होता. त्या टेम्पोमुळे जागा, आणि त्या जागेमुळे घर. वाडीत दुसरा टेम्पो होता तो समोरच्या सुगंधाचा, चंद्रावतीच्या टेम्पोपेक्षा नवा. पण सुगंधाला सकाळी उठायला उशीर व्हायचा. त्यामुळे ती दरवर्षी गटाराजवळ बसायची आणि वर्षभर भिंतीकडे बघायची.

२००८ सालच्या मे महिन्यात चंद्रावतीचा टेम्पो आंबोलीच्या घाटात बंद पडला. तो चालवत होता तिचा जावई रविराज. रेडिएटरचं पाणी संपलं होतं. समोरचा गरमीचा काटा बऱ्याच वर्षांपासून एकाच जागी उभा होता, आणि रविराजचा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता. पुढे बॉनेटमधून वाफ यायला लागली, तेव्हा आंबोली म्हटल्यावर धुकं असायचंच, असं समजून त्याने दिवे लावले.

बाळा मिस्त्रीने टेम्पो ओढून आणला, इंजिन उघडलं आणि हात पुसले.

"ह्यां आता इंजिन नाय," तो म्हणाला. "ह्यां लोखंड."

किशोरी ही चंद्रावतीची एकुलती एक मुलगी, म्हणून लग्नानंतर रविराजच सासूच्या घरी राहायला आला होता. घरजावयाला सासूने तोंडावर काही बोलू नये, असा रिवाज. चंद्रावती रिवाज पाळणारी बाई होती. ती जावयाला कधीच काही बोलायची नाही. तो ऐकण्याच्या अंतरावर असला की ती कोंबड्यांशी बोलायची.

"काय गो बायांनो," तिने त्या संध्याकाळी तांदळाच्या कण्या टाकताना विचारलं, "धूर खंयचो आणि धुकां खंयचां, तां तुमकां तरी कळता मां?"

रविराज ओट्यावर चहा पीत होता. त्याने चहा संपवला आणि उठून मागच्या दाराने बाहेर गेला.

जुनंच इंजिन दुरुस्त करावं, नाहीतर तसलंच दुसरं आणून बसवावं, असं बाळाचं म्हणणं होतं. ते फार साधं होतं, म्हणून रविराजला पटलं नाही. म्हापशाला भंगाराच्या आवारात त्याने एका मोठ्या जीपगाडीचं इंजिन बघून ठेवलं होतं. गाडी मागून चेपलेली, पुढचं सगळं शाबूत. नवीन पद्धतीचं डिझेल इंजिन: कोणत्या क्षणी किती डिझेल सोडायचं हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. रेस द्यायला केबलसुद्धा नाही, पेडलखालून नुसत्या वायरी. ही बातमी रविराजने सासूला सांगण्याआधी नाक्यावर सांगितली. तारकर्लीत नाक्यावर बोललेली गोष्ट मागे घेता येत नाही. त्यामुळे संध्याकाळपर्यंत तो निर्णय झालेला होता.

चंद्रावतीने एकच विचारलं, तेही किशोरीकडे तोंड करून. "पुनवेच्या बाजाराक टेम्पो उभो रवतलो मां?"

"उभो?" रविराज हसला. "आई, धावतलो!"

म्हापशाच्या बाबू भंगारवाल्याने इंजिन दिलं, त्याच्याबरोबर वायरींचं भलंमोठं जाळं, पेडल, जेवणाच्या डब्याएवढी एक चपटी ॲल्युमिनियमची पेटी आणि चावी. पेटी म्हणजेच कॉम्प्युटर. चावीच्या मुठीत एक चिप असते आणि पेटी फक्त तिलाच ओळखते, एवढं त्याने बजावून सांगितलं. चावी हरवली तर इंजिन होडीला नांगर म्हणून वापरायचं. पुढचं जोडकामही तो सांगायला लागला होता, पण रविराज म्हणाला, "माका सगळां म्हायत आसा." मग बाबूने पैसे मोजून घेतले. सगळं माहीत असलेली गिऱ्हाइकं त्याने पुष्कळ पाहिली होती. ती परत येतात.

चावी घरी आल्यावर देव्हाऱ्यात ठेवली गेली. तिला हळदकुंकू लागलं.

बाळाने इंजिन बसवायचं काम चोख केलं. इंजिन ज्यांवर बसतं ते जुने पाये कापले, नवे जोडले, गिअरबॉक्सला मधली जाड पट्टी करून घेतली. राहिलं ते वायरिंग, आणि ते रविराजने आपल्याकडे घेतलं.

लोक समजतात तितकं हे काम अवघड नसतं. कारखान्याने प्रत्येक प्लग वेगळ्या आकाराचा केलेला असतो, चुकीच्या जागी तो बसतच नाही. माणसाच्या अकलेवर सोडलेल्या वायरी अगदी थोड्या: एक बॅटरीकडून येणारी, एक चावीतून येणारी, आणि चार काळ्या, ज्यांच्या टोकाला तांब्याच्या चकत्या असतात. त्या चकत्या चासीच्या लोखंडाला बोल्टने आवळायच्या. पेटीत आलेला करंट त्या वाटेने बॅटरीकडे परत जातो. परत जायची वाट नसेल तर तो येतही नाही. करंट म्हणजे काही घरजावई नव्हे, की आला आणि राहिला.

रविराजच्या अंगात एक खरी कला होती. त्याचे वडील आचऱ्याला होड्या रंगवायचे आणि त्यांचा हात त्याच्यात उतरला होता. समुद्राकाठी उघडं लोखंड म्हणजे उघडं दुखणं. खारा वारा ते एका पावसाळ्यात खाऊन टाकतो. म्हणून इथला माणूस लोखंडाची नवीन वस्तू घरात आणली की वापरण्याआधी रंगवतो. रविराजने चासी खरवडली, तांबडा रेड ऑक्साइड दिला, तो वाळल्यावर होडीचा उरलेला निळा तेलरंग, दोन हात. इंजिनाचे पाये निळे. बोल्ट निळे. बोल्टची भोकं आतून निळी. त्यावर त्याने काळ्या वायरींच्या चकत्या आवळल्या, आणि तांबं त्या निळ्यात विजोड दिसायला लागलं, म्हणून चकत्यांवरूनही एक हात फिरवला.

तेलरंगातून वीज जात नाही. पुढचं सगळं या एका वाक्यात आहे.

पौर्णिमा आठवड्यावर आली तेव्हा टेम्पो अंगणात उभा होता आणि त्याच्याइतका देखणा टेम्पो मालवण तालुक्यात दुसरा नव्हता. देव्हाऱ्यातून चावी आली. रविराजने ती फिरवली. स्टार्टर जोरात फिरला, कारण बॅटरीची जाड वायर बाळाने जुन्या सवयीने थेट इंजिनाला आणि चासीला बांधली होती, रंग लागण्यापूर्वी. पण स्टिअरिंगसमोरचा इशाऱ्याचा दिवा मिणमिणला, पेटीजवळून कटकट कटकट असा आवाज आला, आणि इंजिनाने काही दाद दिली नाही.

बाळाने आपला तपासणीचा दिवा काढला. त्याचं एक टोक बॅटरीला चिमट्याने लावलं आणि दुसऱ्याने एकेक वायर टोचत गेला. प्रत्येक ठिकाणी दिवा लखलखीत पेटला.

"करंट येता," बाळा म्हणाला. "सगळीकडे येता."

हे खरं होतं. करंट येण्याची वाट त्याने कसून तपासली. जाण्याची वाट त्याच्या दिव्याने स्वतःच पुरवली होती, त्यामुळे ती तपासायची राहिली.

"मगे?"

"मगे कंपुटर. इंजिनाचां काम असतां तर मी सांगलंय असतां. कंपुटर माझ्या वर्गात नव्हतो."

कॉम्प्युटर ज्याच्या वर्गात होता असा माणूस मालवणात होता. गुरुदास सर बाजारपेठेत कॉम्प्युटर क्लास चालवायचे. सरकारी नोकरीला लागणारं प्रमाणपत्र तिथे मिळायचं. क्लासमध्ये तीन कॉम्प्युटर होते, त्यातला एक धूळ बसू नये म्हणून कायम प्लास्टिकच्या आवरणात असायचा. नव्या बॅचचे प्रवेश चालू होते. अशा वेळी कॉम्प्युटर या विषयावर 'मला माहीत नाही' हे वाक्य सरांना परवडण्यासारखं नव्हतं.

ते स्कूटरवरून आले, चप्पल काढून टेम्पोजवळ बसले आणि पेटीकडे बराच वेळ बघत राहिले.

"याला मॉनिटर नाही," ते म्हणाले.

"नाय," रविराज म्हणाला.

"की-बोर्डही नाही."

"नाय."

"म्हणजे ही वेगळी सिस्टिम आहे." सरांनी मान हलवली. जमलेल्यांनीही हलवली. "यात व्हायरस असण्याची शक्यता नाकारता येत नाही. गाडी आधी गोव्यात होती ना? तुम्ही रीस्टार्ट करून बघितलं?"

"सर, स्टार्टच होईत नाय," बाळा म्हणाला. "मगे रीस्टार्ट खंयसून?"

सरांनी त्याच्याकडे विद्यार्थ्याकडे बघावं तसं पाहिलं. त्यांच्या सांगण्यावरून बॅटरी सोडवून ठेवली, मंडळींनी चहा घेतला, बॅटरी परत जोडली. पेटी पुन्हा कटकटली. या वेळची कटकट जास्त स्पष्ट आहे, असं सरांचं मत पडलं. "सिस्टिम प्रतिसाद देतेय," असं म्हणून ते स्कूटरला किक मारून गेले. दुसऱ्या दिवशी क्लासच्या फळ्यावर नवी ओळ दिसली: येथे सर्व प्रकारचे कॉम्प्युटर शिकवले जातात.

समोरच्या ओट्यावरून सुगंधा हे सगळं बघत होती. तिने पहाटेचा गजर लावणारं घड्याळ विकत घेतल्याची बातमी वाडीत आली होती.

"गो चंद्रावती," ती रस्त्यापलीकडून ओरडली, "तुझो कंपुटर बोलूक लागलो काय? काय म्हणता? माका पण सांग!"

चंद्रावती कोंबड्यांकडे वळली. "ऐकलास? हसतत आमका. तुमका काय, तुमी अंडी तरी घालतास."

शास्त्र थकल्यावर देवाची पाळी आली. गावचे मानकरी नाना गावकर देवळात गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं, घालायला उभे राहिले. रविराजच्या हातात नारळ, चावी ताम्हनात.

"बा देवा म्हाराजा! ह्या चंद्रावतीच्या टेम्पोत जां नवां इंजिन घातलेलां आसा, तेच्या आड जो कोण येता, दृष्ट म्हणा, नदर म्हणा, कंपुटराच्या पेटयेतलो काय घोळ म्हणा, तेका वाटेक लाव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आणि पुनवेच्या बाजाराक टेम्पो सुखरूप चलव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कौल लावला. उजवा मिळाला. देवाने टेम्पो चालेल असं सांगितलं. कधी, ते त्याला कोणी विचारलं नव्हतं.

हे देवळात चाललेलं असताना किशोरी घरात एकटी होती, आणि रविराजचा मोबाइल फळीवर राहिला होता. तिने म्हापशाचा नंबर शोधला. बाबूने तिचं सगळं ऐकून घेतलं. कॉम्प्युटर सर, रीस्टार्ट, कौल. मधे एकदा त्याने फोन बाजूला धरला असावा, कारण लांबून हसण्याचा आवाज आला.

"बाय, एकूच सांग," तो म्हणाला. "चासीक रंग लायला?"

"व्हय. निळो. दोन हात."

"वायरींखाला पसून?"

"सगळीकडे. भोकांत पण."

"मागीर खरवड तो," बाबू म्हणाला आणि फोन ठेवला.

किशोरीला नवऱ्याचा स्वभाव माहीत होता. बायकोने शोधलेलं उत्तर तो तपासायला घेईल, आणि तपासण्यात पौर्णिमा निघून जाईल. तो परत आला तेव्हा ती म्हणाली, "बाबूचो फोन इललो. आपणहून केल्यान. तेका तुमची काळजी वाटता."

रविराजला ते स्वाभाविक वाटलं. बाळाने बोल्ट सोडवले, चार जागा पत्र्यासारख्या चकाकेपर्यंत खरवडल्या, चकत्याही घासल्या, परत आवळल्या. चावी फिरली. समोरचा दिवा नीट पेटला आणि नीट विझला. कटकट झाली नाही. स्टार्टर दोन वेळा फिरला न फिरला, तोच इंजिन सुरू झालं, इतकं मऊ की बाळाने खात्री करायला हात लावून पाहिला.

मग जे व्हायचं ते झालं. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. नानांनी कौलाची आठवण करून दिली. गुरुदास सर स्कूटरवरून आले आणि बॅटरी सोडवून ठेवण्याचा परिणाम कधी कधी उशिरा दिसतो असं त्यांनी समजावून सांगितलं. रविराजने वाडीतल्या सगळ्यांना टेम्पोत उभं करून किनाऱ्यापर्यंत फेरी मारून आणली. सुगंधा ओट्यावरून उठून आत गेली. चंद्रावतीने कोंबड्यांना त्या दिवशी मूठभर जास्त कण्या टाकल्या आणि त्या काही बोलल्या नाहीत तरी त्यांचं कौतुक केलं.

पौर्णिमा झाली. समुद्राला नारळ गेला, होड्या पाण्यात गेल्या. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी रविराज टेम्पो धुवायला खाली वाकला आणि त्याला त्या चार जागा दिसल्या. निळ्याशार चासीवर चार उघडे, पांढुरके डाग. वारा समुद्राकडून येत होता. पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरणार, हे त्याच्या बापाने त्याला लहानपणी शिकवलेलं. खरवडायचं कशासाठी, हे बाबूने सांगितलं नव्हतं आणि याने विचारलं नव्हतं. घोळ काढायला खरवडलं, घोळ गेला. आता डाग कशाला ठेवायचे?

वरवर रंग लावला असता तर काही बिघडलं नसतं. बोल्ट आवळलेला, धातूला धातू चिकटलेला, वरून कितीही रंग द्या. पण वरवर काम करणारा माणूस तो नव्हता. त्याने चारही बोल्ट सोडवले, चकत्या बाजूला केल्या, आतून, बाहेरून, भोकांत बोट घालून, नीट दोन हात दिले आणि वाळल्यावर पुन्हा आवळलं.

सकाळी दांड्यावरचा लिलाव उरकून चंद्रावती रिक्षातून पाट्या घेऊन घरी आली. इसवण, म्हणजे सुरमई, होती, बांगडे होते, बर्फ घातलेला. पाट्या टेम्पोत चढल्या. चंद्रावती पुढे बसली. रविराजने चावी फिरवली.

कटकट कटकट.

त्याने पुन्हा फिरवली. स्टार्टर फिरत राहिला. पाट्यांतून बर्फाचं पाणी ठिबकायला लागलं होतं.

"काल तर... काल रात्री तर मी..." रविराज म्हणाला.

किशोरी दारात उभी होती. "तुमच्या नखांक रंग कसो?"

"लोखंड उघडां होतां गो. खाऱ्या वाऱ्यान खाल्लां असतां."

"आतून पण लावलास?"

"अर्धवट काम माका जमना नाय."

कोंबड्या अजून खुराड्यात होत्या. त्यामुळे चंद्रावती टेम्पोतून उतरली आणि लग्नापासून पहिल्यांदा जावयाशी सरळ बोलली.

"जावयबापू, तुमच्या बापाशीन रंगवलेल्यो होड्यो पाण्यात चलतत. तेंका चावी नसता."

"आई, आत्ता खरवडतंय. पानो तेवढो रात्रीच बाळाक परत दिलंय. तो कुडाळाक गेलोहा, येतलोच..."

रस्त्यापलीकडे सुगंधाचा टेम्पो सुरू होता. गजराचं घड्याळ कामाला आलं होतं. तिचा मुलगा चंदन स्टिअरिंगवर बसला होता, आणि सुगंधा एक पाय आत, एक बाहेर, अशी मुद्दाम रेंगाळत होती. हे दृश्य सोडून लगेच निघावं असं तिला वाटणं शक्य नव्हतं.

"काय गो, कंपुटर निजलो?"

"निजलो," चंद्रावती म्हणाली. ती रस्ता ओलांडून गेली. "माका बांद्याक घे."

सुगंधाने दुसरा पायही बाहेर काढला. इतक्या वर्षांत ही बाई तिच्या दारात काही मागायला आली नव्हती. "घेतंय की. शेजारीण मां तू. पाट्यो मागे ठेव, तू फुडे बस. भितीकडली जागा तेवढी माझी."

"ती जागा माझी आसा."

"मगे चलत ये."

चंद्रावतीने मागे पाहिलं. रविराज टेम्पोखाली शिरला होता, त्याचे फक्त पाय दिसत होते. पावलांवरही निळे थेंब होते.

"पाव जागा देतंय," ती म्हणाली.

"बांगडो आसा काय गो, पाव करूक? सगळी."

"सगळी घेतलंस तर माझी गिऱ्हायकां तुझ्याकडे येवची नाय. तोंड बघून येतत ती, भित बघून नाय."

यात तथ्य होतं आणि सुगंधाला ते गटाराजवळ बसून दिसलेलं होतं. तिने चंदनकडे पाहिलं. चंदनने घड्याळाकडे.

"अर्धी," सुगंधा म्हणाली.

"अर्धी," चंद्रावती म्हणाली. न धावणाऱ्या टेम्पोच्या पूर्ण जागेपेक्षा धावणाऱ्या टेम्पोची अर्धी जागा मोठी, हा हिशेब करायला तिला पेटी लागली नाही.

बांद्याला पोचल्या तेव्हा बाजार भरत होता, पण कोपरा मोकळा होता. दोघी उतरल्या आणि तिथेच अडचण आली. कायदा एका बाईचा, एका पाटीचा. आधी टेकवेल तिची जागा, आणि मागून टेकवणारी बाई शपथ घेऊन सांगेल की अर्धी ठरली होती, तरी बाजार ऐकणार नाही. दोघींनाही हे एकाच वेळी सुचलं असावं, कारण दोघींनी एकाच पाटीला हात घातला. एक काठ सुगंधाच्या हातात, एक चंद्रावतीच्या. जत्रेतली पालखी धरावी तशा त्या पाटी घेऊन आडव्या चालत कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि एकमेकींच्या हाताकडे बघत, सावकाश, दोघींनी मिळून ती खाली ठेवली.

"हे काय नवीन?" पलीकडच्या जानकीने विचारलं. ती बाजारातली सगळ्यात जुनी विक्रीण. "पाटी कोणाची?"

"दोघींची."

जानकीने पान थुंकलं आणि विचार केला. कायद्यात तसं काही नव्हतं, आणि तसं नाही असंही नव्हतं. "बसा," ती म्हणाली. "भांडलात तर दोघींना उठवीन."

पहिलं गिऱ्हाईक गोव्याचं होतं. मोटारीतून उतरून थेट कोपऱ्याशी आलं आणि इसवणीचा भाव विचारला. सुगंधाने सांगितला. चंद्रावतीने, इतक्या वर्षांच्या सवयीने, त्याहून कमी सांगितला. सुगंधा आणखी खाली आली. चंद्रावतीही आली. गिऱ्हाइकाने तोंडातून अक्षर न काढता, नुसतं एकीकडून दुसरीकडे बघत राहून, आयुष्यातली सगळ्यात स्वस्त इसवण घेतली आणि आभार मानून गेलं.

दोघींनी हातात आलेले पैसे मोजले.

"असां चलूचां नाय," सुगंधा म्हणाली.

"नाय."

दुसऱ्या गिऱ्हाइकाला दोघींनी एकच भाव सांगितला. तो दोघींनी आजवर कधी सांगायचं धाडस केलं नव्हतं इतका चढा होता. गिऱ्हाइकाने कुरकुर केली, भिंतीशी दुसरं कोणी बसलेलं नाही हे पाहिलं, आणि दिला. दुपारपर्यंत पाट्या रिकाम्या झाल्या.

बाजार उठायला आला तेव्हा लांबून हॉर्न ऐकू आला. निळा टेम्पो गर्दीतून वाट काढत येत होता. पुढे झेंडूचा हार, बाजूला गुरुदास सरांच्या क्लासचा कापडी फलक. रविराज चालवत होता, शेजारी नाना गावकर, मागे उभे राहून बाळा आणि खुद्द सर. मासळी नव्हती. वाटेत लागलेल्या एकाही देवळाला न चुकवता ते आले होते, हे त्यांच्या कपाळांवरून कळत होतं.

"आई!" रविराजने उडी मारली. "इलो टेम्पो! पयल्या झटक्यात! खालसून निस्तो चकचकीत ठेवलंय, आता रंग म्हणून लावचंय नाय!"

इंजिन खरोखरच सुंदर चाललं होतं. त्याचा आवाज ऐकायला तिथे जी माणसं होती ती उरलेला बर्फ गटारात ओतत होती.

"बरां झालां," चंद्रावती म्हणाली. "रिकाम्यो पाट्यो आसत, त्यो घेवन जावा. सुगंधाच्यो पण."

"आणि तुमी?"

"आमची बोलणी व्हायची आसत."

गुरुदास सरांना पाट्यांच्या शेजारी उभं राहावं लागलं. पाट्या धुतलेल्या नव्हत्या.

सुगंधाच्या टेम्पोत चंदन, मधे चंद्रावती, खिडकीशी सुगंधा. बांदा सुटतं न सुटतं तोच सुगंधा म्हणाली, "फुडल्या बाजारापास्ना नळाच्या बाजूक मी."

"कित्याक? नळ तुझ्या बापाशीन बसवलो?"

"मगे भित तुझ्या घोवान बांधल्यान?"

"उन्हाळ्यात ऊन तुझ्याच बाजून येतां. सोस जरा. गटाराकडे बसान सवय आसा तुका."

"तोंड सांभाळ हां! टेम्पो माझो आसा!"

"आणि गिऱ्हायकां?"

वाटेत झारापला नळ सुगंधाचा झाला. कुडाळला तो परत चंद्रावतीकडे आला आणि भिंत वादात पडली. चौके आलं तरी निकाल लागला नव्हता. मागून निळा टेम्पो हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. नव्या इंजिनात जोर फार होता आणि रविराजला तो पुढे जाऊन दाखवायचा होता. चंदनने आरशात पाहिलं आणि गाडी कडेला घ्यायला लागला.

"तेका फुडे सोडू नको रे," दोघी एकदम म्हणाल्या.